चोखणीचा दोरा गळ्यात नको, क्लिप झोपेत नको

प्रिय ताई,

माझा मुलगा साडेपाच महिन्यांचा आहे. पुढच्या महिन्यात माझी रजा संपते. मग दिवसा तो सासूबाईंकडे आणि कामाला येणाऱ्या मावशींकडे राहील. त्याला चोखणी लागते आणि ती सारखी खाली पडते, म्हणून सासूबाईंनी ती काळ्या गोफात ओवून त्याच्या गळ्यात घातली आहे. ‘आमच्या घरातली सगळी मुलं अशीच वाढली,’ असं त्या म्हणतात. न्यू जर्सीच्या नणंदेने चोखणी कपड्याला अडकवायची, लाकडी मण्यांची, बाळाचं नाव कोरलेली क्लिप पाठवली आहे. दिसायला फार गोड आहे, पण आखूड पडते. म्हणून यांनी तिला रिबीन जोडून लांब केली. रात्री ती पाळण्यातल्या चादरीला लावून ठेवतात, म्हणजे अंधारात चोखणी शोधावी लागत नाही. मला या दोन्ही गोष्टींची धास्ती वाटते, पण काही बोललं की मी ‘मोबाइल बघून मूल वाढवणारी’ ठरते. क्लिप वापरावी का? वापरायची तर कशी? आणि सासूबाईंना न दुखावता तो गोफ कसा काढायला लावू? (जाता जाता एक: बाळ चोखणी पटकन घेत नाही तेव्हा सासूबाई ती मधात बुडवतात. चालतं ना?)

– एक आई, नाशिक

प्रिय मैत्रिणी,

आज रात्री बाळ झोपायच्या आत त्याच्या गळ्यातला गोफ काढा. सासूबाईंशी काय आणि कसं बोलायचं ते पुढे लिहिते, पण गोफ आधी निघू दे.

त्याच्या मागोमाग तुम्ही कंसात विचारलेलं. मध अजिबात नको. एक बोटसुद्धा नको, चाटवायला नको, चोखणीला लावायला नको, बाळगुटी उगाळायलाही नको. पहिला वाढदिवस होईपर्यंत मधाची बाटली बाळापुरती बंद. मधात एका जंतूची बीजं असू शकतात, त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. आपल्यासारख्या मोठ्यांच्या पोटात ती रुजत नाहीत, बाळाच्या कोवळ्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार करतात. आधी बाळाला शी होईनाशी होते, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढायची ताकद जाते, धरलेली मान पुन्हा लुळी पडते, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर श्वासावर येतं. २०१८ साली अमेरिकेत टेक्ससमध्ये मध भरलेल्या चोखण्या वापरणारी चार बाळं याच आजाराने रुग्णालयात दाखल झाली होती, आणि त्यानंतर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने अशा चोखण्या देऊ नका म्हणून पालकांना बजावलं. मध घरचा आहे की दुकानातला, शुद्ध आहे की नाही, याने काही फरक पडत नाही. आजवर बुडवून दिला म्हणून घाबरून जाऊ नका, पण वर सांगितलेल्यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि मध दिला होता हे आवर्जून सांगा.

आता गोफाकडे येते. इतक्या ठामपणे का सांगते, तेही सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आठ महिन्यांचा होता. त्याच्याही गळ्यात चोखणी होती, लाल सॅटिनच्या रिबिनीत. दुपारची वेळ, त्याला गजांच्या लाकडी पाळण्यात ठेवलेलं, आणि आमची आई दोन हातांवर गवार मोडत बसलेली. तो पाळण्यात खेळत होता. खेळता खेळता चोखणी दोन गजांच्या मधून बाहेर गेली आणि तिची चकती पलीकडे आडवी होऊन अडकली. मग तो मागे सरकला, रिबीन ताणली, आणि तोल जाऊन तो एका अंगावर कलला. आईला कसलाही आवाज आला नाही. तिने वर बघितलं ते इतका वेळ चाललेली त्याची बडबड थांबली म्हणून. ओठ निळसर व्हायला लागले होते. तिने त्याला उचलून धरलं, चकती उभी करून गजांतून ओढून काढली आणि रिबीन डोक्यावरून सोडवली. तो रडला तेव्हा आईच मटकन खाली बसली. त्याच्या गळ्यावर करंगळीएवढ्या रुंदीचा लाल वळ उमटला होता, तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

ही गोष्ट मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. यातली एक गोष्ट सासूबाईंना आणि मावशींना कळायला हवी म्हणून सांगते. आपल्याला वाटतं, बाळ कशात अडकलं तर रडेल आणि आपण धावत जाऊ. गळा आवळला गेला की रडायला लागणारी हवाच आत-बाहेर होत नाही. हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसालाही ऐकू येत नाही. आणि त्यासाठी काही फार ओढ लागत नाही. बाळाच्या डोक्याचा भार पुरतो. पाळण्याचा गज, पलंगाची खुंटी, दाराची कडी, बाबागाडीचा दांडा, झोळीचा पीळ, कुठेही गोफ अडकू शकतो. काळा गोफ तर मुळात न तुटावा म्हणूनच घट्ट विणलेला असतो.

‘आमची मुलं अशीच वाढली’ हे सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. त्यांची वाढली. पण ज्या घरात विपरीत घडलं, त्या घरातली आजी हे वाक्य कुणाला सांगायला येत नाही. अमेरिकेने चोखणीच्या सुरक्षेचे नियम १९७७ मध्ये केले, तेव्हाच चोखणीला दोरा, रिबीन, साखळी जोडून विकायला बंदी घातली. ‘चोखणी बाळाच्या गळ्यात बांधू नका, फास बसण्याचा धोका आहे’ ही सूचनाही वेष्टनावर सक्तीची केली. परदेशी चोखणीच्या खोक्यावर ती बारीक अक्षरांत असते. तुमच्या चोखणीचं खोकं अजून घरात असेल तर उलटून बघा.

आता क्लिप. वापरा, जरूर वापरा. चोखणी सारखी फरशीवर, रिक्षात, दवाखान्याच्या बाकाखाली पडते, ही सासूबाईंची तक्रार अगदी रास्त आहे, आणि क्लिप त्यासाठीच केलेली वस्तू आहे. पण तिचं काम तेवढंच: बाळ जागं असताना, आणि कुणाचं तरी त्याच्याकडे लक्ष असताना, चोखणी जमिनीवर पडू न देणं. बाळाचे डोळे मिटले की क्लिपचं काम संपलं. दिवसा असो, रात्र असो, पाळणा असो, झोळी असो की गाडीतली खुर्ची असो, झोप लागली की चिमटा काढायचा.

तुमच्या घरातल्या क्लिपला तर आधी रिबिनीपासून सोडवा. ती आखूड ‘पडत’ नाही, ती मुद्दाम आखूड केलेली आहे. युरोपात अशा क्लिपांसाठी ईएन १२५८६ नावाचं मानक आहे. त्यात पट्टीची लांबी जास्तीत जास्त २२ सेंटीमीटर ठरवली आहे. शिवणाच्या टेपवर मोजलीत तर साडेआठ इंचांच्या थोडी पुढे. तुमची स्वतःची वीत लावून बघा, बहुतेक बायकांची वीत याहून जराशी कमीच भरते. म्हणून बाजारात क्लिप घेताना टेप नसेल तर आपली वीत लावावी आणि त्याहून लांब पट्टी घेऊच नये. बाळाच्या गळ्याला वेढा बसून वर आवळायला लांबी उरू नये, एवढ्यासाठी हा आकडा आहे. तुमच्या यजमानांनी रिबीन जोडली तेव्हा त्यांनी, अगदी प्रेमाने, नेमकी ती काळजीच काढून टाकली. रागावू नका त्यांच्यावर. त्यांना टेप द्या आणि मोजायला सांगा. माझा अनुभव असा की पुरुषमाणसांना आकडा हातात दिला की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

चिमटा कुठे लावायचा? झबल्याला, आणि फक्त झबल्याला. गळ्याच्या पट्टीला नाही, थोडा खाली, छातीच्या एका बाजूला. आपल्याकडची झबली मलमलीची, पातळ असतात, एकेरी कापडावर चिमटा घसरतो. म्हणून कापडाची एक चुणी करून दुहेरी पकडा. बंदांचं झबलं असेल तर बंदाला चिमटा लावू नका, कुंचीच्या नाडीला नाही, स्वेटरच्या लेसला नाही, दुपट्याला नाही, चादरीला तर नाहीच. चादरीला लावलेली क्लिप म्हणजे एक टोक खिळवलेला दोरा. बाळ कूस बदलतं, चादर त्याच्याबरोबर गोळा होते, पट्टी चेहऱ्याजवळ येते. साडेपाच महिन्यांचं मूल पालथं पडायला शिकलेलं असतं, किंवा आज-उद्या शिकेल. कालपर्यंत निर्धोक वाटणारी जागा एका कुशीवर धोक्याची होते. बाबागाडीच्या पट्ट्याला आणि खुळखुळ्यालाही क्लिप जोडू नये. आणि क्लिपऐवजी सेफ्टी पिन कधीच नाही. लाळेने ओलं झालेलं कापड ओढलं गेलं की ती उघडते.

नणंदबाईंच्या मण्यांबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण सुंदर वस्तूंच्या बाबतीत आपली नजर सैल पडते.

ती क्लिप हातात घ्या. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात चोखणी अडकवायचा फासा, आणि ओढा, नाजूकपणे नाही, चांगला हिसका देऊन. मग एकेक मणी फिरवून बघा. मण्याच्या भोकाजवळ दोऱ्याचे तंतू सुटलेत का, गाठ मण्याच्या आत दडवली आहे की बाहेरच आहे, लाकडाला चीर गेलीय का, अक्षरांचा रंग नखाने निघतो का. यातलं एकही दिसलं तर ती क्लिप बाळाच्या अंगावर परत लावू नका. दोरा तुटला तर मणी एकेक करून सुटत नाहीत, सगळे एकदम सांडतात. एक पलंगाखाली, एक सतरंजीत, आणि एक बाळाच्या मुठीत.

मणी केवढा म्हणजे धोक्याचा? लहान वस्तू तपासायचं एक नळकांडं असतं, त्याचा व्यास ३१.७ मिलीमीटर. त्यात जे पूर्ण मावतं ते लहान मुलासाठी घशात अडकण्याच्या मापाचं समजतात. घरी नळकांडं नसतं, पण दहा रुपयांचं नाणं असतं. त्याचा व्यास २७ मिलीमीटर आहे. जो मणी त्या नाण्याखाली झाकला जातो, तो नळकांड्यात मावणारच. क्लिपवरचे बहुतेक मणी या नाण्याहून बरेच लहान असतात. बाळाची श्वासनळी जेमतेम त्याच्याच करंगळीएवढी रुंद असते, हे एकदा त्याची करंगळी आपल्या बोटात धरून बघा.

आणखी एक: मण्यांची क्लिप हातात आली की बाळ ती चावतं. आता दात शिवशिवायचे दिवस आलेच. पण क्लिप चावायला दिलेली नाही. दात येताना चावायला एकसंध, मणी-दोरा नसलेली, धुता येणारी वस्तू द्या, किंवा आपलं स्वच्छ धुतलेलं बोट हिरड्यांवर फिरवा. दात येताना बाळाच्या गळ्यात घालतात ती अंबरच्या, म्हणजे झाडाच्या जुन्या घट्ट झालेल्या राळेच्या, मण्यांची माळ कुणी पाठवली तर तीही नको. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दात येतानाच्या दागिन्यांविरुद्ध इशारा दिला, त्यात दीड वर्षाच्या एका मुलाचा दुपारच्या झोपेत अंबरच्या माळेने गळा आवळून मृत्यू झाल्याची नोंद आहे.

माझं विचाराल तर रोजच्या वापराला साधी कापडी पट्टीची क्लिप घ्या. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला टिच-बटण. चिमट्याच्या चपट्या भागाला आरपार भोकं असलेला बघून घ्या. ती शोभेची नाहीत. चुकून चिमटा सुटून तोंडात गेला तरी हवेला वाट राहावी म्हणून असतात. चोखणीच्या चकतीलाही म्हणूनच भोकं असतात. धातूच्या चिमट्याला आत करवतीसारखे दात असतात, त्यावर प्लास्टिकचं आवरण हवं. कापडी पट्टी दोन-तीन दिवसांनी साबणाने धुऊन उन्हात वाळवा. चोखणीबरोबर क्लिप उकळू नका. लोखंडी स्प्रिंग गंजते, लाकडी मणी तडकतात. टिच-बटण सैल लागू लागलं की ती क्लिप मोडीत.

आता रात्रीचं. यजमानांची अडचण खरी आहे. रात्री तीनला चोखणी हरवते, बाळ रडतं, आणि दोघांनी अंधारात चाचपडायचं. उपाय सोपा आहे. झाकणाचा छोटा स्टीलचा डबा घ्या, त्यात दोन-तीन उकळून वाळवलेल्या चोखण्या ठेवा आणि तो डबा पाळण्याबाहेर तुमच्या उशाशी ठेवा. एक हरवली तर दुसरी. झोपेत चोखणी तोंडातून पडली आणि बाळ झोपलेलंच असेल तर पुन्हा द्यायचीही गरज नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संस्था झोपताना चोखणी द्यायला हरकत घेत नाही. उलट, झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूचा धोका त्याने कमी होतो असं ती सांगते. पण त्याच सांगण्यात हेही आहे की झोपलेल्या बाळाच्या गळ्यात चोखणी अडकवलेली नको, कपड्याला जोडलेली नको आणि तिला मऊ खेळणंही लटकवलेलं नको. म्हणजे चोखणी चालेल, तिचं शेपूट चालणार नाही.

चोखणी असावी की नसावी, हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून दोनच गोष्टी सांगून पुढे जाते. भुकेच्या वेळी चोखणी देऊन अंगावरचं पाजणं पुढे ढकलू नका. कामावर जायला लागल्यावर हे मावशींकडून नकळत होतं. आणि सहा महिन्यांनंतर हळूहळू ती झोपेपुरतीच ठेवा. जास्त काळ चोखणी घेणाऱ्या मुलांचे कान जास्त वेळा दुखतात.

मावशींना तोंडी सांगून भागणार नाही. त्यांना करून दाखवा. चिमटा लावा, काढा, त्यांच्याकडून दोनदा करून घ्या. झोळीजवळच्या भिंतीवर एक कप टांगायचा हूक लावा, बाळाच्या हाताला न लागेल इतका उंच, आणि ठरवून टाका: बाळ झोपलं की क्लिप त्या हुकावर. मग तुम्ही घरी आल्यावर विचारावंही लागत नाही. बाळ झोळीत आणि हूक रिकामा दिसला की कळतं.

आणि एवढं करूनही घशात काही अडकलं तर? बाळ जोरात खोकत, रडत असेल तर त्याला खोकू द्या, हवा जातेय. आवाज फुटत नसेल, खोकता येत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा हाताने धरलेला. तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, पाच वेळा दाबायचं. वस्तू बाहेर येईपर्यंत आलटून पालटून हेच. दिसत नसेल तर तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. बाळ निपचित पडलं तर पुढे काय करायचं, हे पुढच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांकडून बाहुलीवर शिकून घ्या. सासूबाईंना बरोबर न्या.

आता सासूबाई. मला वाटतं, तुम्ही त्यांच्याशी मोबाइल हातात घेऊन बोलत असाल. तो बाजूला ठेवा. त्यांनी गोफ घातला तो चोखणीला माती लागू नये म्हणून, आणि कदाचित दृष्ट लागू नये म्हणूनही. या दोन्ही काळज्यांना उत्तर द्या, मग गोफाचं बोला. ‘आई, खाली पडलेली चोखणी तोंडात जाते हे मलाही आवडत नाही. म्हणून ही पट्टी आणलीय, दिवसा तुम्हीच लावा आणि झोपताना तुम्हीच काढा. तुमच्याइतकं लक्ष मावशींना राहायचं नाही. पण गळ्यात काही नको, मला रात्री झोप लागत नाही त्याने.’ शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही पत्रात धास्ती हा शब्द लिहिलात. तो त्यांनाही सांगा. सून चूक काढतेय असं वाटलं की माणूस हटून बसतं, सून घाबरलीय असं कळलं की बहुतेक सासवा स्वतःच उठतात.

गोफ त्यांच्याच हातांनी सोडवून घ्या. त्याला काळा मणी असेल, कुणा देवस्थानाहून आणलेला असेल, तर तो टाकून द्यायचा प्रश्नच नाही. तो देव्हाऱ्यात राहू दे. संध्याकाळी दिवा लावताना त्या बाळाला कडेवर घेऊन तिथे उभ्या राहतीलच.

राहिली नणंदबाईंची क्लिप. तिच्यावर बाळाचं नाव आहे, ती त्यांनी निवडून पाठवली आहे. हिसक्याला टिकली आणि मणी घट्ट निघाले तरी मी ती फोटोच्या दिवशी, तुमच्या मांडीवर, पाच मिनिटं लावेन आणि काढून ठेवेन. फोटो त्यांना पाठवा आणि सोबत खरं लिहा, की घरात रोजच्याला कापडी पट्टी ठेवलीय, आणि ही त्याच्या पहिल्या झबल्याबरोबर जपून ठेवलीय. पुढच्या खेपेला येताना काय आणू असं विचारलं तर टिच-बटणाच्या दोन पट्ट्या सांगा, २२ सेंटीमीटरच्या आतल्या.

तुमची,
ताई